जिन्यावरची दहा मिनिटं

आमच्या शाळेत प्रथमोपचाराची पेटी वाचनालयात असते. खेळाच्या तासाला कुणाचा गुडघा खरचटतो, उन्हात कुणाचा घोळणा फुटतो, आणि नेमके तेव्हा सगळे शिक्षक वर्गावर असतात. ग्रंथपाल तेवढी रिकामी, असं सगळ्यांचं ठाम मत आहे. माझी नेमणूक झाली त्या पहिल्याच आठवड्यात शिपायाने ती पेटी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, तुमच्याकडे शांतता असते ना, मग ही इथेच बरी." मुलुंडच्या या शाळेत मला आता वीस वर्षं होतील. शांततेबरोबर कापूस, पट्ट्या आणि रडणारी मुलंही मी सांभाळत आले.

पेटी शाळेची. नकाशांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण मात्र माझा. आई गेल्यानंतर महिन्याभराने मी तो रिकामा केला आणि त्यात काही वस्तू आणून ठेवल्या: रबरी हातमोज्यांचं खोकं, एक लांब चिमटा, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा छोटा कॅन, खुणा केलेला मग, जाड पिशव्या, झाकणाचा एक पत्र्याचा डबा. जुनी वर्तमानपत्रं वाचनालयात असतातच. या सगळ्याचा वापर कधी होईल ते मला माहीत नव्हतं. पण तो खण भरल्यावर मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

माझी आई घाटकोपरच्या एका लहान सूतिकागृहात आयाबाई होती. वडिलांची गिरणी बंद पडली त्या वर्षी ती कामाला लागली आणि गुडघ्यांनी पार हात टेकेपर्यंत तिथेच राहिली. बाळंतपणाच्या खोलीतली फरशी पुसणं, चादरी भिजत घालणं, बायकांना आंघोळ घालणं ही तिची कामं. जुन्या साड्यांची फडकी आणि फिनेल एवढंच तिचं सामान. तिथे फिनेलचा वास आला की जागा स्वच्छ झाली, असं धरून चालत. आईही तसंच धरून चालायची. घरी आल्यावर तिच्या पदराला फिनेलचा वास यायचा आणि मी तो पदर तोंडावर घेऊन निजायचे.

कापसाच्या बोळ्यांत सुया असत. त्या तिला टोचत. टोचलं की बोट दाबून रक्त काढायचं, नळाखाली धरायचं, पुन्हा कामाला लागायचं. डॉक्टरांना आणि नर्सना काविळीच्या लसीचे तीन डोस तिथेच मिळाले होते. आयाबायांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे आयाबायांना कुणी सांगितलं नाही. काम सोडल्यावर काही वर्षांनी पोटात पाणी झालं म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा कळलं की बी प्रकारची कावीळ तिच्या रक्तात कित्येक वर्षांपासून मुक्कामाला होती आणि यकृत जवळजवळ संपत आलं होतं. कुठून आली ते आता सिद्ध करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंच आहे. पण आई काही सिद्ध करायला बसली नव्हती. तिला माहीत होतं.

शाळेत मी कधी "आयाबाई" हा शब्द उच्चारला नाही. "आई सूतिकागृहात होती," एवढंच सांगायचे. ऐकणारे पुढचं आपल्या मनाने भरून घेत. आई गेली तेव्हा शिक्षक खोलीतल्या फलकावर शोकसंदेश लागला: आमच्या ग्रंथपाल यांच्या मातोश्री, निवृत्त परिचारिका, यांचे दुःखद निधन. मी तो वाचला. पुन्हा वाचला. माझ्या हातात पेन होतं. मी दुरुस्ती केली नाही. सुवाच्य अक्षर होतं आणि सगळ्यांनी माझ्याकडे अदबीने पाहिलं होतं.

शेवटच्या आजारात तिला एका मोठ्या रुग्णालयात ठेवलं होतं. एका दुपारी तिला रक्ताची उलटी झाली. पलंगावर, जमिनीवर, माझ्या चपलांवर. नर्सने तिला कुशीवर वळवलं, डॉक्टर आले, इंजेक्शन झालं, ती जरा सावरली. मग सफाईची मुलगी आली. पंचविशीची असेल. हातात ओलं फडकं, हात उघडे. ती खाली वाकली, तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, "गो, आदी हातमोजे घाल."

"संपलेत आजी. सकाळीच संपले."

"मगे हात लाव नको. पडांदे तसाच."

"आजी, मला ओरडतील ना."

"ओरडांदेत. माझ्या रगतात काय आसा ता माका म्हायत आसा. तुका काय म्हायत?"

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला लाज वाटली. शेजारच्या पलंगांवरचे लोक नाकाला रुमाल लावून बघत होते, आणि मला वाटलं, आईने गप्प बसावं, हे लवकर पुसलं जावं. पण आई त्या रक्ताकडे डोळे लावून पडून राहिली. दारातल्या कुत्र्यावर लक्ष ठेवावं तसं. मुलीने खालच्या मजल्यावरून हातमोजे मागून आणले, तोवर आईने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग पडल्या पडल्या तिला एकेक पायरी सांगितली. वर कागद घाल. त्याच्यावर औषध ओत, कडेसून आत. आता दहा मिनिटं थांब. "दहा म्हणजे दहा गो. घड्याळ बघ." काम सोडायच्या शेवटच्या दोन वर्षांत कुणीतरी शिकवायला आलं होतं म्हणे, आणि आई ते एकदाच ऐकून शिकली होती. तिच्यासाठी ते फार उशिरा आलं, पण तिने ते टाकून दिलं नव्हतं.

त्यानंतर सात दिवसांनी ती गेली.

आता जिन्याची गोष्ट.

शाळेचा वर्धापनदिन होता. संस्थापकांची तसबीर एरवी वाचनालयात, माझ्या डोक्यावर टांगलेली असते. त्या दिवशी तिला पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात न्यायचं, पाटावर ठेवायचं, हार घालायचा, असा रिवाज आहे. तसबिरीची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती. मला ते ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं. तरी आठवीच्या दोन मुली ती न्यायला आल्या तेव्हा मी ती पुसून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "सांभाळून गं." तेवढ्याने काच सांधते अशा थाटात.

जिन्याच्या मधल्या चौथऱ्यावर कलेच्या बाईंनी मोठी रांगोळी काढली होती. पुढची मुलगी उलट्या पावली चढत होती. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून तिने ऐन वेळी पाऊल बाजूला टाकलं आणि तोल गेला. तसबीर चौथऱ्याच्या कडेवर आपटली, काच फुटली, आणि सावरायला पुढे केलेला तिचा तळहात त्या काचेवर पडला.

मी आवाज ऐकून धावले. धावताना पेटीबरोबर खणातले हातमोजेही उचलले, हे माझं मलाच नंतर आठवून नवल वाटलं. मुलगी रडत नव्हती, फक्त हाताकडे बघत होती. मी गॉजची जाड घडी दाबून धरली, हात वर धरायला लावला. खेळाचे सर आले आणि तिला समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. जाताना ती वळून म्हणाली, "बाई, रांगोळी मोडली का?"

चार टाके पडले. आता तो हात छान आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात तिच्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

चौथऱ्यावर रक्त होतं. बरंच होतं. रांगोळीत मुरलेलं, फरशीच्या सांध्यांतून दोन पायऱ्या खाली उतरलेलं, आणि त्यात काचा. पाहुणे अर्ध्या तासात यायचे होते. वरून पर्यवेक्षिका बाई आल्या, जरीच्या साडीत, केसांत गजरा. त्यांनी एकदा पाहिलं आणि हाक मारली, "मावशी! अहो मावशी, पटकन पुसून घ्या हो हे!"

मावशी म्हणजे आमच्या सफाईच्या मावशी. भांडुपच्या टेकडीवरून येतात. कंत्राटदाराकडून लागलेल्या, त्यामुळे कुणालाही नाही म्हणायची त्यांना सोय नाही. सकाळीच त्यांनी स्वच्छतागृहं ॲसिडने घासली होती. बोटांना भेगा, अंगठ्याला चिकटपट्टी. त्या बादली, फिनेलची बाटली आणि ॲसिडचा डबा घेऊन आल्या. सगळीकडे करतात तसं आधी भरपूर पाणी ओतून खराट्याने खाली लोटायचं, मग फडकं, मग फिनेल, असा त्यांचा बेत दिसत होता. बादली त्यांनी तिरकी केली.

"मावशी, पाणी ओतू नका," मी म्हटलं. "हातही लावू नका."

"काचा हायेत म्हनून? मी हळू उचलते ना बाई."

"काचा आहेत म्हणून, आणि रक्त आहे म्हणून. तुमचा अंगठा बघा."

पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, "अहो, शाळेतल्या मुलीचं रक्त आहे. चांगल्या घरातली मुलगी आहे. तुम्ही काहीतरीच काय बोलता?"

"रक्त कुणाच्या घरचं आहे ते बघून कळत नाही, बाई."

"पाहुणे येतायत."

"दुसऱ्या जिन्याने येऊ देत."

मी इतकं बोलत नाही. शिक्षकांच्या सभेत मी वीस वर्षांत हात वर केलेला कुणाला आठवणार नाही. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू कपाटातलं एखादं पुस्तक आपणहून बोललं होतं. मग त्या पुढे सरकल्या, बहुधा मावशींच्या हातून बादली घ्यायला, आणि त्यांचा पाय खाली पडलेल्या तसबिरीच्या चौकटीला लागला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आपल्यातल्या कुणीही केलं असतं. मीही केलं असतं. संस्थापकांना पाय लागला! त्या झटकन वाकल्या, चौकटीला हात लावला आणि तोच हात दोन्ही डोळ्यांना लावला.

चौकट रक्ताने माखलेली होती.

"बाई!" मी ओरडले. "हात खाली! डोळे चोळू नका!"

त्यांच्या उजव्या पापणीवर आणि कुंकवाशेजारी लाल पुसट बोट उठलं होतं. त्यांना ते कळलंच नाही. मावशींनी तोंडावर पदर घेतला. मी बाईंना दंडाला धरून खालच्या नळावर नेलं. डोळे उघडे ठेवून ओंजळीने पाणी मारत राहा म्हटलं, चेहरा आणि हात साबणाने धुवा म्हटलं. गजरा भिजला, जरीचा पदर भिजला. त्या आधी चिडल्या, मग मुकाट्याने पाणी मारत राहिल्या, आणि थोड्या वेळाने, वाकलेल्या असतानाच, बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो, काही होत नाही ना यानं? डोळ्यात गेलं असेल तर?"

तेव्हा मी जे म्हटलं ते मी नंतर पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिलं. ते परत घ्यावं असं मला अजून वाटलेलं नाही.

मी म्हटलं, "मावशींच्या हाताला होत नाही, तर तुमच्या डोळ्याला कसं होईल?"

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. मी लगेच आवाज उतरवला आणि सांगितलं की मुलीला नेलंय त्याच डॉक्टरांकडे तुम्हीही आत्ता जा, काय झालं ते नीट सांगा, ते काय ते ठरवतील. धोका थोडा असतो, पण उशीर करायचा नसतो. त्या गेल्या. मी जिन्यावर परत आले.

मावशी तिथेच उभ्या होत्या, बादली धरून. "बाई, मीच करते. तुमी कशाला? साडी खराब होईल. आणि माज्यावर येईल ते."

"तुम्ही खाली उभ्या राहा. कुणाला वर येऊ देऊ नका. हेही कामच आहे. आणि बघत राहा."

मी नवे हातमोजे चढवले, पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसले. आधी चिमट्याने दिसतील तेवढ्या काचा उचलून पत्र्याच्या डब्यात टाकल्या. बारीक चुरा दोन पुठ्ठ्यांमध्ये गोळा केला. मग रक्तावर वर्तमानपत्रं अंथरली, दुहेरी. कॅनवर लिहिलंय त्या प्रमाणात मगात ताजं औषध केलं. आई म्हणायची, कालचा पाणी आज चालना नाय. जिन्याच्या खिडक्या उघडल्या. मावशींची फिनेलची बाटली आणि ॲसिडचा डबा दूर ठेवायला सांगितला, कारण ॲसिड आणि हे औषध एकत्र आलं तर जो धूर निघतो तो छातीत बसतो. "एकत्र जास्त चांगलं धुतलं जातं" अशी पुष्कळांची समजूत असते. मावशी म्हणाल्या, "मी तर घालायची दोनी. खोकला यायचा, वाटायचं धुळीचा."

कडेपासून आतल्या बाजूला मी हळूहळू औषध ओतलं. कागदांवरच्या बातम्या भिजून काळ्या झाल्या. मग मी घड्याळात पाहिलं आणि उभी राहिले.

दहा मिनिटं फार मोठी असतात. त्यात करण्यासारखं काही नसतं. वरच्या कठड्यावर शिक्षक जमले होते. सनईची ध्वनिफीत चालू झाली होती. कलेच्या बाई रांगोळीकडे पाहून हळहळत होत्या. संस्कृतच्या बाई एका छोट्या बाटलीत गोमूत्र घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तसबीर फुटली, वर्धापनदिनाला अपशकुन झाला हो. एवढं शिंपडून घेते." मी म्हटलं, "शिंपडा. पण दहा मिनिटांनंतर." त्या बाटली हातात धरून, रांगेत उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. खेळाचे सर परत आले होते, ते वरून म्हणाले, "बाई, भिजत घातलंय का? वाटलं तर मॅच लावू का तोवर?" कुणीतरी हसलं. शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, "झालं का?" मी दोनदा सांगितलं, "नाही."

मला वाटलं होतं मला लाज वाटेल. पदर खोचलेला, हातात रबरी मोजे, पायाशी रक्त, आणि वर चाळीस डोळे. रुग्णालयातल्या त्या दुपारी लाजेने माझी मान खाली गेली होती. इथे ती गेली नाही. आई त्या पलंगावरून कशाची राखण करत होती ते मला त्या जिन्यावर उभं राहून कळलं. ती त्या मुलीच्या हातांची राखण करत होती. तिच्या स्वतःच्या हातांची कुणी केली नव्हती.

घड्याळात दहा मिनिटं पूर्ण झाली. मी कडेपासून मध्याकडे सगळं गोळा केलं, जाड पिशवीत भरलं, पुन्हा एकदा औषधाने पुसलं, मग साध्या पाण्याने. हातमोजे उलटे करत काढले, तेही पिशवीत टाकले, पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. मावशी म्हणाल्या, "द्या, कचऱ्याच्या डब्यात टाकते." मी म्हटलं, "नको. तिकडे देवनारच्या कचराडेपोत कुणीतरी हीच पिशवी हाताने फोडून निवडतं." मावशींनी हात मागे घेतला. त्यांची धाकटी जाऊ पूर्वी तेच काम करायची, हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पिशवी आणि काचांचा डबा मी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन दिला. त्यांच्याकडचा असा कचरा वेगळा उचलतात. मग कोपरापर्यंत हात धुतले.

पर्यवेक्षिका बाई तिथेच बाकावर बसल्या होत्या. मुलीच्या आईने घरून लसींचं कार्ड आणलं होतं, सगळ्या लसी वेळेवर झालेल्या होत्या. डॉक्टरांनी बाईंची रक्ततपासणी करून ठेवली आणि काळजीचं कारण दिसत नाही म्हणाले. बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

"आईने."

"हो, बरोबर. नर्स होत्या ना त्या."

"नाही," मी म्हटलं. "आयाबाई होती."

बाकावर तिसरं कुणी नव्हतं. तरी मला वाटलं की मी हे सगळ्या मुलुंडला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

कार्यक्रम पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झाला. काच नसलेल्या तसबिरीला हार घातला गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पत्र आलं. कार्यक्रमास विलंब, वरिष्ठांशी उद्धट वर्तन, तीन दिवसांत लेखी खुलासा. ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते मावशींनी सांगितलं. त्या वाचनालयाच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"बाई, कंत्राटदाराचा फोन आलेला. म्हनतो, शाळेतली बाई खाली बसून रक्त पुसत होती आन् तू नुसती उभी? एक तारखेपासून दुसरी बघतो म्हनाला."

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगनार? खरंच उभी होते ना."

त्या रागावल्या नव्हत्या. राग असता तर बरं झालं असतं. मी त्यांचे हात वाचवायला गेले आणि त्यांचं काम घालवून बसले होते.

खुलासा लिहायला मी तिन्ही दिवस घेतले. मी हळू लिहिते. पहिल्या मसुद्यात दिलगिरी होती. ती मी खोडली. दुसऱ्यात राग होता, तोही खोडला. शेवटी जे राहिलं त्यात मी लिहिलं की तसबिरीची काच तडकलेली आहे हे मला माहीत असून मी ती मुलींच्या हातात दिली, ही माझी चूक आहे आणि तिची जबाबदारी माझी. सफाई कर्मचारी मावशींनी काम नाकारलेलं नाही. त्यांना मी थांबवलं, कारण त्यांच्या हातांना भेगा आहेत आणि शाळेने त्यांना हातमोजे दिलेले नाहीत. त्या कामावरून गेल्या तर ते माझ्यामुळे असेल, आणि मग ही हकिगत मी संस्थेच्या प्रत्येक सदस्याला, आणि गरज पडल्यास पालकांनाही, याच शब्दांत कळवीन. त्याखाली मी ती सगळी पद्धत लिहून काढली, पायरी पायरीने, कुणालाही समजेल अशी. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ लिहिली: "माझ्या आईच्या निधनाच्या सूचनेत तिचा उल्लेख परिचारिका असा झाला होता. ती आयाबाई होती. वरील पद्धत तिची आहे. कृपया नोंदीत दुरुस्ती करावी."

मुख्याध्यापकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "शेवटची ओळ कशाला? तिचा इथे काय संबंध?"

"तिचाच संबंध आहे, सर."

त्यांनी पत्र परत माझ्याकडे सरकवलं. मी ते परत त्यांच्याकडे सरकवलं. टेबलावर काच होती, कागद सहज घसरत होता. असं दोनदा झालं. मग त्यांनी ते फायलीत ठेवलं.

मावशी राहिल्या. कुणी कुणाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पर्यवेक्षिका बाईंनी त्या दिवसानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, ते अजून तसंच आहे. महिन्याभराने भांडारात हातमोज्यांची खोकी आली, आणि सफाईच्या तिन्ही मावशींना लसीसाठी पाठवण्याच्या पत्रावर पहिली सही पर्यवेक्षिका बाईंची होती. मी आभार मानायला गेले नाही. त्यांनीही अपेक्षा केली नसावी. डोळ्यांत पाणी मारत वाकलेली बाई मला आठवते, आणि तिला मी आठवते. तेवढं आम्हा दोघींना पुरे आहे.

पद्धतीचा कागद मी मोठ्या अक्षरांत लिहून सफाईच्या सामानाच्या खोलीबाहेर लावला. दाराशी रक्ताबिक्ताचं बरं दिसत नाही म्हणून तो कुणीतरी काढला. मी दुसरा लावला. तो काढल्यावर तिसरा. चौथा अजून आहे.

गेल्या आठवड्यात दुसरीच्या वर्गात एक मूल ओकलं. वर्ग वाचनालयाच्या शेजारीच आहे. मावशी माझ्याकडे आल्या आणि काही न विचारता खालचा खण उघडला. मी खुर्चीवरून उठायला लागले.

"तुमी बसा वाचत," त्या म्हणाल्या आणि मोजे चढवत गेल्या.

मी बसले, पण वाचलं नाही. भिंतीपलीकडून वर्गशिक्षिकेचा आवाज आला, "मावशी, पटकन करा हो, माझा तास चाललाय!"

आणि मावशींचा आवाज आला, सावकाश, पट्टी किंचितही न चढवता.

"पटकन नाय होत बाई ते. पोरांना बाहेर घ्या. दहा मिनिटं लागतात."